लिहिल्याशिवाय खुर्ची सोडू नको

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. दिवसभर राबते, पण संध्याकाळी काय केलं ते सांगता येत नाही, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर "ते मालाचं चलन गेलं का?" म्हणून दचकते, असं लिहिलंस. खानापूरहून सकाळची बस, २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत तुम्हा बायकांना तिकिटाचे पैसे नाहीत पण धड उभं राहायलाही जागा नाही, पिरनवाडीपासून वाहनांची रांग, बेळगावात उद्यमबागला उतरून फाउंड्रीच्या गेटपर्यंत चाल, आणि टेबलाशी बसताच तिघांची तीन कामं. अंग दुखणारच. ते सरावतं, त्याची चिंता करू नको. रात्रीचं दचकणं मात्र आपोआप जात नाही. त्याला रोजच्या कामाच्या नोंदीची वही लागते.

सगळं टॅलीत, त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, असतं म्हणतेस. नसतं गं! टॅलीत बिल असतं. चार वाजता कुणाचा फोन आला, कुणी काय कबूल केलं, कोणती गाडी निघाली नाही, हे टॅलीत कुठे असतं?

समज, कास्टिंग मशीनिंगसाठी कोल्हापूरजवळच्या शिरोलीला निघालं. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र, म्हणजे दुसरं राज्य. जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला पाठवलेला, माल राज्याबाहेर जाताना किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल-वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागतोच. ५०,००० रुपयांची मर्यादा तिथं लागू नाही. तू बिल काढलंस, गाडी नंबर भरलास, चलनाच्या, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या कागदाच्या, तीन प्रती केल्यास: पहिली माल घेणाऱ्याची, दुसरी गाडीबरोबर, तिसरी आपली. सगळं चोख. मग ड्रायव्हरचा फोन येतो, "गाडी बदल आगेद्री," म्हणजे गाडी बदललीय. कन्नड अर्धवट कळलं म्हणून तू "हां हां" म्हणतेस, तेवढ्यात साहेब हाक मारतात आणि तू उठतेस. संपलं! ई-वे बिलाच्या भाग 'ब'मध्ये, जिथे गाडीचा नंबर असतो, जुनाच नंबर राहिला. वाटेत तपासणी झाली तर माल अडकतो, दंड बसतो, आणि उत्तर तुला द्यावं लागतं. फोन ठेवता ठेवता ते शब्द ऐकू आले तसे देवनागरीत लिहिले असतेस, तर शेजारच्या टेबलावर विचारून दोन मिनिटांत नंबर बदलता आला असता. कन्नड येत नाही, हे मला सांगू नको. ऐकू येतं ना? मग लिही. वेळ लिही, नाव लिही, आणि लिहिल्याशिवाय खुर्ची सोडू नको.

आमच्या वेळी कार्बन पेपर होते, जीएसटी नव्हता, पण वही हीच होती. एका ऑफिसात मला मागच्या तारखेचं चलन करायला सांगितलं. माल त्या दिवशी गेटबाहेर पडलाच नव्हता, माझ्या वहीत तसं लिहिलेलं होतं. मी केलं नाही. त्या वर्षी बढती माझ्यामागून आलेल्याला मिळाली. घरचे अजून म्हणतात, एवढा ताठा कशाला. ताठा नव्हता तो. स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं खोडायला हात धजत नाही, एवढंच. आजही धजणार नाही.

सल एकच आहे. वही पुरी करता करता संध्याकाळची बस कितीदा चुकली, आणि आई आजारी असताना तिच्याजवळ बसायचा वेळ त्यात गेला. म्हणून तुला सांगतो, शेवटच्या तासाला ढीग घालून लिहीत बसू नको. काम झालं की तिथल्या तिथं एक ओळ. मी वेळ वाचवला नाही, तू वाचव. पण वही सोडून नव्हे.

आणि हे "नोकरी माझ्यासाठी नाहीच" वगैरे आता पुरे. अजून पहिला महिना संपायचा आहे. अकरा तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण, जाईल, त्याआधी आपल्या चलनांचा आणि बिलांचा मेळ तू स्वतः घालून बघ, कुणी सांगायची वाट बघू नको. जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत यायला हवा, त्यासाठी मागची दोन पानं वेगळी ठेव: कधी गेला, कुणाकडे, किती नग, परत किती. तुमच्या हिशेबनीसांना कदाचित हे अती वाटेल. वाटू दे.

आकडा जुळला नाही तर फोन कर. सातनंतर मी घरीच असतो. पण वही हातात घेऊन कर, तोंडी काही ऐकणार नाही.

तुझा,
काका