वाचकांचे प्रश्न : भिंतीबाहेरचा नळ

प्रश्न : सिस्टर, आमच्या घरच्या बोअरला देवदयेनं पाणी आहे. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका कळशा घेऊन दारात येतात. सासूबाई म्हणतात, पाण्याला नाही म्हणू नये. आमचे हे म्हणतात, ‘आपल्या चर्चच्या मंडळीतल्या दोन घरांना दे. अख्ख्या गल्लीचा ठेका घेतलाय का आपण? चर्चला कमाईचा दशांश देतो तो कशाला?’ किती द्यावं आणि कुणाला?
— एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : बाई, लातूरकरांना पाण्याचं मोल मी जालन्यात बसून काय सांगू? 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे तुमच्याकडं आली, 10 टाक्यांत 5 लाख लिटर घेऊन. लातूरवाले आपल्या मंडळीतले आहेत का, असं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. एवढं ह्यांच्या कानावर घाला.

आता माझी फजिती ऐका. 2013 च्या दुष्काळात आमच्याही बोअरला पाणी होतं. तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात चार्ट भरलेले, नोंद केल्याशिवाय माझा हात चालत नाही. नळाशेजारी खिळ्याला वही टांगली : नाव, तारीख, घागरी. घरटी सहा. किती न्यायानं वाटतेय, असं मलाच वाटायचं! गल्लीत धुणीभांडी करणारी एक विधवा होती. ती तिसऱ्या दिवसापासून येईनाशी झाली. टँकरच्या रांगेत भेटली तेव्हा म्हणाली, ‘सिस्टर, पाणी चांगलंय हो, पण वहीत नाव लागलं की उधारी वाटती.’

घरी येऊन बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा 19 वा अध्याय काढला. शेताच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. सरवा आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला नको. ज्वारी काढून झाली की मागं राहिलेली कणसं ज्याला लागतील तो वेचतो, मालकाच्या दारात उभं राहावं लागत नाही. बायबलमधली रूथ अशीच सरवा वेचायला आलेली विधवा, ती तर मवाबी, परमुलखातली. शेताचा मालक बवाज, त्यानं गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतून मुद्दाम काही उपसून टाका आणि तिला बोलू नका. संध्याकाळी तिनं झोडपलं तर एफाभर (वीसेक लिटरचं माप) सातू निघाले. एवढं नुसत्या सरव्यात सापडत नसतं, हे तिलाही कळलंच असेल. पण तिला हात पसरावा लागला नाही.

मी वही रद्दीत घातली. प्लंबर बोलावून अर्ध्या इंचाचा पाइप कंपाउंडच्या भिंतीतून बाहेर काढला, नळ रस्त्याच्या बाजूला. व्हॉल्व्ह आत, आपल्या हातात. सकाळी सहा ते सात मोटार चालू. कुणी किती नेलं, मी बघत नसे. ती बाई सगळ्यात शेवटी यायची म्हणे; आमची नजरानजर कधी झाली नाही. एकदा मात्र एकानं हातगाडीवर दोनशे लिटरचा ड्रम आणला, विकायला. त्याच्यावर मी गल्ली गोळा होईस्तोवर ओरडले. ख्रिस्ती उदारपणात ओरडणं बसतं की नाही, पाळकसाहेबांना अजून विचारलेलं नाही.

बिलाचं म्हणाल तर एक एचपीची मोटार तासभर चालली की साधारण एक युनिट. घरात दिवसाला किती चहा होतो, तो हिशोब ह्यांनाच करायला लावा. राहिला दशांश. पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशांश मोजून देणाऱ्यांना ‘न्याय आणि दया सोडलीत’ असं येशूनं सुनावलं, ते बायबलात मत्तयच्या 23 व्या अध्यायात आहे. वाचून दाखवू नका, भांडण होईल. बायबल त्या पानावर उघडं ठेवा आणि भाकरी थापायला जा. (चर्चमध्ये कापणीच्या सणाला लिलावात एक अंडं पाचशेला घेऊन टाळ्या मिळवणाऱ्यांत मीही आहे, तेव्हा मी काही फार वरून बोलत नाही.)

किती द्यावं? मोटार गढूळ पाणी ओढायला लागली की थांबा आणि आदल्या दिवशीच गल्लीत सांगा, म्हणजे कुणी भरवशावर राहणार नाही. लेकरांपुरतं आधी भरून ठेवा, त्यात पाप नाही.

आणि नळ उंच बसवा. खाली मोठा हंडा मावला पाहिजे, आणि हंड्याखाली गुडघ्याएवढा ओटा, म्हणजे उचलताना कंबर धरत नाही. मी पहिल्यांदा खालीच बसवला होता, प्लंबरला दोनदा पैसे द्यावे लागले.