बेंड फुटला म्हणून टॉर्च खाली ठेवायचा का?

प्रश्न: माझा मुलगा दोन वर्षं पाईप वेल्डिंग करतो. टिगवर (टंगस्टन इलेक्ट्रोडच्या आर्कनं, वायर हातानं देत करायचं वेल्डिंग) कार्बन स्टीलची ६जी चाचणी (तिरक्या, न फिरवता येणाऱ्या पाईपवरची) पहिल्याच खेपेला पास झाला. गेल्या महिन्यात प्रेशर पायपिंगच्या नव्या कामासाठी चाचणी होती, एका बाजूला कार्बन स्टील, दुसऱ्या बाजूला ३०४एल स्टेनलेस. जोड दिसायला सुरेख, पण बेंड टेस्टमध्ये, म्हणजे जोडाचा तुकडा वाकवून बघतात तेव्हा, रूटच्या (जोडाच्या तळाच्या पहिल्या थराच्या) बाजूनं फुटला. जोड भरायची वायर कोणती घेतलीस विचारलं तर म्हणाला, "रॅकवर ३०८एल होती, तीच घेतली. कुणी काही सांगितलं नाही." आता म्हणतो, हातात कसब नाही, वेल्डिंग सोडून इन्स्पेक्शनचा कोर्स करतो. पाठवू का? – एक वडील

उत्तर: आत्ता नको. आणि कसबाबद्दलचा त्याचा निष्कर्ष तर मला अजिबात पटलेला नाही. पंचेचाळीस अंशात तिरक्या, जागच्या जागी पक्क्या केलेल्या पाईपभोवती स्वतः फिरत ज्यानं सगळा जोड नीट भरला, त्याचा हात महिन्याभरात बिघडत नाही. तुम्ही सांगता त्यावरून माझा पहिला संशय वायरवर आहे. पुढचा भाग त्यालाच वाचायला द्या, मी त्याच्याशीच बोलतो.

तू आजवर दोन्ही बाजूंना एकच धातू असलेले जोड केलेस. तिथे वायर पाईपच्या जातीची घेतली की भागतं. डिसिमिलर, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या, जोडात तसं होत नाही, कारण वितळलेल्या धातूत वायर एकटी नसते, दोन्ही पाईपांच्या कडा विरघळून त्यात येतात. हेच डायल्यूशन, आणि ते सगळ्यात जास्त असतं रूटमध्ये. आता साधी बेरीज कर. समज, रूटमध्ये ६० टक्के धातू वायरचा आणि २०-२० टक्के दोन्ही पाईपांचा. ३०८एलमध्ये क्रोमियम साधारण २० टक्के आणि निकेल १०, तर ३०४एलमध्ये १८ आणि ८. कार्बन स्टीलकडून दोन्ही जवळजवळ शून्य. म्हणजे तुझ्या रूटमध्ये क्रोमियम उरलं १५.६ टक्के आणि निकेल ७.६. एवढ्यावर तो धातू पुरता ऑस्टेनाइट, म्हणजे स्टेनलेसची नेहमीची लवचिक रचना, राहील याची खात्री नसते. थंड होताना त्यात मार्टेन्साइट ही दुसरी रचना तयार होऊ शकते, कडक आणि ठिसूळ. वाकवली की तडकते.

हीच बेरीज ३०९एल घेऊन कर. क्रोमियम २४, निकेल १३ धर. उत्तर येतं १८ आणि ९.४. वायर मुद्दाम जास्त श्रीमंत ठेवलेली असते, कार्बन स्टीलनं पातळ केली तरी पुरावी म्हणून. अँटन शेफलर यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या, क्रोमियम-निकेलच्या हिशेबानं वेल्डमध्ये कोणती रचना येईल ते दाखवणाऱ्या आलेखावर हे दोन्ही बिंदू टाकून बघ. मार्टेन्साइटचा पट्टा कुठे आहे आणि तू त्याच्या किती जवळ गेला होतास, ते एका नजरेत दिसेल. एक संध्याकाळ पुरेल.

दुसरी गोष्ट जरा तिखट आहे. चाचणी डब्ल्यूपीएसप्रमाणे, म्हणजे वायर आणि वेल्डिंगची पद्धत ठरवून देणाऱ्या लेखी कागदाप्रमाणे, घ्यायची असते. तो कागद तुला मिळाला नाही हा घेणाऱ्याचा दोष. पण तू मागितलाही नाहीस, हा तुझा. एएसएमई सेक्शन ९ या वेल्डिंग पात्रतेच्या अमेरिकी नियमावलीत कार्बन स्टीलवर पास झालेला वेल्डर मूळ धातूच्या हिशेबानं स्टेनलेसलाही चालतो, तुझं ६जी वाया गेलेलं नाही. प्रोसिजर मात्र या जोडीसाठी वेगळी पात्र करावी लागते. ३०८एल आणि ३०९एलच्या काड्या शेजारी ठेवल्या तर नजरेनं ओळखू येत नाहीत, टोकाचा शिक्का वाचावाच लागतो.

आणि ३०९एल म्हणजे रामबाण, असंही समजू नकोस. लाइन खूप गरम चालणार असेल तर गणित बदलतं. कार्बन स्टील एक अंश तापमानाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं, ऑस्टेनिटिक स्टेनलेस १७ च्या आसपास. दर वेळी लाइन तापली आणि निवली की सांध्यावर ओढाताण. शिवाय वर्षानुवर्षांच्या उष्णतेत कार्बन स्टीलमधला कार्बन क्रोमियमच्या दिशेनं सरकत जातो. म्हणून तिथे ८२ सारख्या निकेल वायरी वापरतात, त्यांची वाढ बरीचशी कार्बन स्टीलसारखी. निकेलवर गेलास की फिलरचा, म्हणजे वायरचा, एफ-गट (नियमावलीतला वायरींचा वर्ग) बदलतो आणि तुला नवी चाचणी द्यावी लागते. त्या निकेललाही स्वतःचं दुखणं आहे. २००० साली अमेरिकेतल्या व्ही. सी. समर अणुवीज केंद्रात रिअ‍ॅक्टरला जोडणाऱ्या मोठ्या पाईपच्या अशाच वेल्डला आरपार तडा सापडला होता. जोड केला तेव्हा तो काही वाईट दिसत नव्हता. या कामात मोल आहे ते यामुळे.

आता इन्स्पेक्शन. रस्ता चांगला आहे, पण वेल्डिंग इन्स्पेक्टरची सीएसडब्ल्यूआयपी ३.१ परीक्षा असो वा एडब्ल्यूएस या अमेरिकी संस्थेची सीडब्ल्यूआय, दोन्हीकडे अनुभव विचारतात. उद्या टॉर्च खाली ठेवलास आणि सहा महिने टिगवर काम केलं नाहीस, तर टिगची पात्रताही जाते. म्हणजे इकडचं गेलं, तिकडचं आलं नाही. दोन-तीन वर्षं डिसिमिलर आणि निकेलच्या जोडांवर काढ, प्रत्येक कामाचा डब्ल्यूपीएस वाचून त्यातलं का ते विचारत राहा, मग परीक्षेला बस. (जवळची नजर तपासून घे, तिथे अडणारे मी पाहिलेत.)

वडिलांना: कोर्सची फी सध्या राखून ठेवा. फेरचाचणी मिळत असेल तर तिच्यासाठी त्याला पाठवा, आणि फुटलेला तुकडा भंगारात गेला नसेल तर मागून घ्यायला सांगा. आडवा कापून, पॉलिश करून रूटची हार्डनेस कुणी मोजून दिली आणि ती वरच्या थरांपेक्षा खूप जास्त निघाली, तर माझा संशय खरा. तशी निघाली नाही आणि तड्याच्या तोंडाशी रूट न भरल्याची किंवा पर्जिंग (पाईपच्या आत वायू सोडून हवा बाहेर काढणं) कमी पडल्याची खूण दिसली, तर मात्र मला पुन्हा लिहा. मग आपण हाताबद्दल बोलू.