ह्यांना लिहिणं बंद करायला सांगू का?

“फौजेत होते तेव्हा सुट्टीवर आले की ढाराढूर झोपायचे. आता कादंबरी लिहायला घेतली आणि पहाटे चारला दचकून उठतात. लिहिणं बंद करा म्हणून सांगू का?”

आमच्याकडे समुपदेशनाला आलेल्या, कराड भागातल्या एका बाईंचा हा प्रश्न. नवरा पॅरा एसएफमधून, म्हणजे लष्कराच्या कमांडो दलातून, हवालदार म्हणून २४ वर्षांनी निवृत्त झालेला. थरारकथा लिहितो, दोन दिवाळी अंकांत छापून आलेल्या, तिसऱ्यासाठी कादंबरी हातात. (तपशील तीन-चार प्रकरणांतून जुळवलेले आहेत, ओळख लागू नये म्हणून.) गावात निवृत्त फौजी म्हटला की तो ‘मेजर’च, हुद्दा काही का असेना. इथंही तेच नाव ठेवू, आणि त्यांच्या बायकोला ‘वहिनी’ म्हणू.

याच्या उलटा प्रश्नही येतो, “लिहून टाकलं की मन मोकळं होतं ना?” ही समजूत बरीचशी १९८६ च्या एका अमेरिकन प्रयोगावरून पसरली. त्यात कॉलेजच्या मुलांनी चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या दुःखाबद्दल लिहिलं होतं. ती मुलं रोजचं आयुष्य नीट जगत होती आणि स्वतःचं खरं लिहीत होती. मेजर लिहीत होते ती थरारकथा. ह्या दोन्हींत काय फरक पडतो, ते पुढे येईलच.

पहिल्या भेटीत लिहिण्याबद्दल बोलणं झालंच नाही. आधी विचारायचं ते हत्यारांबद्दल. निवृत्तीनंतर बरेच जण बँकेत सशस्त्र रखवालदार होतात, त्यामुळे परवान्याची बारा बोअर घरातच असते. मेजरांचीही होती, कपाटावर, काडतुसं शेजारच्या डब्यात. “मरून जावं असं वाटतं का?” हे सरळ याच शब्दांत विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. मेजर म्हणाले, “वाटत नाही, पण कधीकधी उठूच नये असं वाटतं.” एवढं कारण पुरेसं होतं. त्याच आठवड्यात बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. परवानाधारकाला ती परवानाधारक विक्रेत्याकडेही ठेवता येते. मेजरांना ते अपमानास्पद वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. वाटणारच.

मग १४ रात्रींची नोंद. रकाने पाच: वही मिटल्याची वेळ, त्या दिवशी कुठला प्रसंग लिहिला, शेवटचा चहा, पेग किती, दचकून उठल्याची वेळ. वहिनींना वाटत होतं तसं काही दिसलं नाही. लिहिलेल्या नऊ रात्रींपैकी सहा रात्री वाईट स्वप्न पडलं, न लिहिलेल्या पाचांपैकी तीन रात्री. म्हणजे जवळपास सारखंच. चौदा रात्रींवरून फार काही सिद्ध होत नाही, पण ‘सगळं लिहिण्यामुळे’ ही खात्री तरी डळमळते. खोदून विचारल्यावर उलगडलं की दचकणं जुनंच होतं. निवृत्तीनंतर चार वर्षं ते रखवालदार म्हणून रात्रपाळीवर होते. दिवसा झोपायचे तेव्हा वहिनी शेतात असायच्या. नोकरी सुटली, कादंबरी सुरू झाली आणि रात्री घरी झोपणंही, सगळं एकाच महिन्यात.

फरक दिसला तो पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात. रात्री अकरानंतर चकमकीचा प्रसंग लिहिला आणि वर कँटीनच्या रमचे दोन पेग झाले, की पहाट हमखास वाईट. दारूनं झोप लवकर लागते, पण पूर्वार्धात स्वप्नांची झोप दबते आणि दारू उतरली की उत्तररात्री तीच उसळून येते. चार वाजताच का, याचं उत्तर बरंचसं इथं होतं.

चाळणीसाठी पाच ‘हो-नाही’ प्रश्नांची चाचणी असते. तिनांना ‘हो’ आलं की पुढची, २० प्रश्नांची, ८० गुणांची. ३१ ते ३३ च्या वर गेलं की पीटीएसडीचा, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराचा, विचार गंभीरपणे करायचा. निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञ करतात, आकडा नाही. मेजरांचे ४६ आले. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर तज्ज्ञांची भेट झाली, निदान पक्कं झालं.

आणि मग ते बाड. मेजर ते पिशवीतून घेऊन आले. नायक कमांडो, प्रकरणं चटपटीत, एकेक बसून एका दमात लिहिलेलं. फक्त अकराव्या प्रकरणाचे सात खर्डे. नाला, रात्र, बडीचा (जोडीदार सैनिकाचा) रेडिओ गप्प झालेला. सातही खर्ड्यांत नायक वेळेत पोचतो आणि बडी वाचतो.

“खरं काय झालं होतं?”

मेजरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. त्या दिवशी पुढे बोलणं झालं नाही.

गोम होती ती इथं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस रोज त्या रात्रीत परत जातोय. प्रत्यक्षात तो रोज नाल्याच्या काठापर्यंत जाऊन वळत होता. थरारकथेचा साचाच असा की नायक काहीतरी करू शकतो. त्यामुळे ‘आपण काही करू शकलो नाही’ ह्या एका वाक्यापासून लांब राहायला ती फार सोयीची. लिहिणं हे टाळण्याचंही साधन होऊ शकतं. टाळलेली आठवण निवत नाही आणि अर्धवट ढवळलेली तर रात्री वर येते.

उपचार म्हणून आम्ही लेखनच निवडलं, पण वेगळ्या पद्धतीचं. पाच बैठका, प्रत्येकीत ३० मिनिटं हातानं लिहायचं, एकाच घटनेबद्दल. सूचना वाचून दाखवायच्या आणि समुपदेशकानं खोलीबाहेर जायचं. नंतर दहाएक मिनिटं ‘लिहिताना कसं गेलं’ एवढंच बोलायचं. घरी गृहपाठ नाही, आणि घरी एकट्यानं हे करूही नये. १२६ जणांवरच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही पाच बैठकांची पद्धत बारा बैठकांच्या प्रस्थापित उपचारापेक्षा मागे पडली नाही आणि मध्येच सोडून जाणारेही बरेच कमी होते. पहिल्या बैठकींत जे घडलं ते, क्रमानं, दिसलं-ऐकू आलं-वास आला यांसकट लिहायचं. पुढच्या बैठकींत त्या घटनेनं आयुष्यात काय बदललं ते.

अडचण लगेच आली. फौजी हात अहवाल लिहितो. पहिल्या दिवशी दीड पान: वेळ, अंतर, हत्यारं, ‘पार्टीने कूच केले’. ‘मी’ कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी लेखकाचा हात जागा झाला, सुरुवात झकास आणि शेवटी टांगून ठेवलेलं वाक्य. दोन्ही परत केलं. आम्ही एवढंच सांगितलं: कलाटणी नको, कर्ता ‘मी’. तिसऱ्या बैठकीत अक्षर बिघडलं, ओळी वर-खाली गेल्या आणि ‘मी आवाज दिला नाही’ हे वाक्य कागदावर आलं. त्या आठवड्यात झोप आणखी बिघडली. हे आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर माणूस नेमका इथंच येणं थांबवतो.

‘गुपित बाहेर गेलं तर?’ ही त्यांची भीती खोटी नव्हती. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्त माणसालाही लागू असतो. पण उपचाराला जागेचं नाव, युनिट, तारीख काहीच लागत नाही. माणसांना ‘क’, ‘ख’ म्हणायचं, डोंगराला डोंगर. कादंबरीचा मामला वेगळा. ‘काल्पनिक’ छापलं म्हणून सुटका होते असं नाही. उपकरणं, वाटा, संकेत, खरी माणसं काढून टाकायची आणि शंका असेल तिथं छापण्याआधी वकिलाला दाखवायचं.

आणखी एक शंका असते: ‘मला आठवतंय ते खरंच तसं होतं का?’ १९९१ च्या आखाती युद्धात एसएएस ह्या ब्रिटिश कमांडो दलाची आठ जणांची एक तुकडी इराकमध्ये उतरली. तिघे मेले, चौघे पकडले गेले, एक जण चालत सीरियात पोचला. वाचलेल्यांपैकी दोघे पुढे थरारकादंबरीकार झाले, आणि त्याच मोहिमेबद्दल दोघांनी लिहिलेलं सगळीकडे जुळत नाही. आठवण म्हणजे चित्रफीत नव्हे. उपचारासाठी तुम्हाला आठवतं तेच लिहायचं. मेजरांना हा किस्सा फार आवडला, बहुधा गरजेपेक्षा जास्त.

कादंबरी बंद केली नाही, तिची वेळ बदलली. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. सूर्य मावळल्यावर चकमक लिहायची नाही, मोबाईलवर गोळीबाराचे व्हिडिओ बघायचे नाहीत. थांबायचं ते ऐन रंगात नाही, तर पात्रं चहा पितायत अशा जागी. शेवटची दहा मिनिटं उद्याच्या प्रसंगाची टिपणं. पानाच्या खाली आजची तारीख, गावाचं नाव, खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तू, आणि मग २० मिनिटं चालणं. शेवटच्या सूचनेवर ते हसले, पण ती सोडली नाही.

स्वप्नासाठी वेगळा सराव: दिवसा स्वप्न थोडक्यात लिहायचं, हवा तसा बदल करायचा आणि नवं रूप रोज १० ते २० मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. सात खर्ड्यांतही तर बदलच होता, मग वेगळं काय? खरं काय घडलं ते आता कागदावर आलं होतं. शिवाय बदल जिंकण्याचा असायला नको. मेजरांनी रेडिओचा आवाज फक्त बारीक केला.

वहिनींना दोनच गोष्टी सांगितल्या. दचकले तर हलवून उठवायचं नाही. पायांच्या बाजूला, हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहून दिवा लावायचा आणि नावानं हाक मारायची. आणि कादंबरीच्या पहिल्या वाचक त्यांनी व्हायचं नाही. “हा नायक बायकोला फोन का करत नाही?” ह्यावरून घरात दोनदा भांडण झालं होतं.

मध्ये संपादकांचा फोन आला, बाड जुलैअखेर हवं. मेजर तीन रात्री जागले, रम परत आली, एक बैठक बुडाली. त्या वर्षीचा अंक सोडून द्यायचा, हे त्यांनी स्वतः ठरवलं. तीन महिन्यांनी गुण ४६ वरून २७ वर आले. दहाचा फरक अर्थपूर्ण धरतात. अकरावं प्रकरण आठव्या खर्ड्यात दोन सकाळींत झालं. त्यात बडी वाचत नाही.

कुणाच्या घरी असंच काही चालू असेल आणि जवळपास तज्ज्ञ नसेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

मेजरांची कादंबरी पुढच्या वर्षीच्या अंकात येतेय. अंक हातात पडतो त्याच सुमाराला फटाके सुरू होतात, आणि फटाके अजून सोसत नाहीत. लक्ष्मीपूजन उरकून दोघांनी रात्री मळ्यातल्या खोलीवर मुक्कामाला जायचं ठरवलं आहे.