विजेनं तेल हलते कसं, ते आधी पाह्य
बापू, विजेनं तेल कसं हलते हे पाहासाठी डीपीतल्या (ट्रान्सफॉर्मरच्या) तेलाच्या नादी लागू नको, फुकट जीव जाईन. शाळेतली विम्सहर्स्ट मशीन (हँडल फिरवून स्थिर वीज तयार करणारी) माग, बशीत एरंडीचं तेल घे, चिमूटभर रवा टाक, मशीनच्या दोन तारा तेलात सोड, त्यातली एक सुईवानी टोकदार ठेव अन् हळूहळू हँडल फिरव. आधी रवा रांगेत लागते, त्या फिल्डच्या (विजेच्या क्षेत्राच्या) रेषा, पण मंग सुईजवळून तेलच सरकते (एरंडीचं घट्ट, म्हणून दम धर), कारण टोकापाशी फिल्ड लय जास्त, तिथून चार्ज तेलात शिरते अन् ओढल्या जाताना तेलालेही संगं नेते. तेल कोरडं पायजे, मी पावसाळ्यात उघडी बाटली वापरली तं सारा दिवस वाया. विजेच्या फिल्डमंदी थेंबातलं द्रव कसं चकरा मारते ते समजून घ्याचं असीन तं शास्त्रज्ञ जी. आय. टेलरचा १९६६ चा पेपर वाच, जड आहे. अन् मशीनचे दोन्ही गोळे टेकवून डिस्चार्ज केल्याबिगर हात लावू नको.