फोमच्या चिलखतावरचा चंदेरी रंग तडकतो, तर कोणत्या कंपनीचा रंग घ्यावा?

ईव्हीए फोमच्या (लवचीक, स्पंजासारख्या प्लास्टिकच्या) चिलखताला दिलेला चंदेरी रंग कोपर आणि खांद्यापाशी तडकतो, म्हणून कोणत्या कंपनीचा रंग घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. कंपनी बदलून काहीही साधणार नाही, कारण दोष रंगाच्या डब्यात नसून त्याखालच्या तयारीत आहे. हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण नेमक्या याच मुद्द्यावरून माझा थोरल्या भावाशी वाद झाला होता आणि त्याच्या लेखी तो अजून मिटलेला नाही.

एका वेशभूषा स्पर्धेसाठी मी डोक्यापासून पायापर्यंत चिलखत केले होते. अंगाभोवती क्लिंग फिल्म (अन्न झाकायचे पातळ प्लास्टिक) आणि चिकटपट्टी गुंडाळून घेतली, त्यावर रेषा आखल्या आणि ते कवच कापून मापाचे नमुने काढले. छाती-पाठीला 10 मिमी, दंड व मनगटांना 5 मिमी आणि वरच्या नक्षीला 2 मिमी जाडीचा फोम वापरला. दादा लोखंडी दारे आणि जाळ्या रंगवण्याचे काम करतो, आणि त्याच्या हाताला खरोखर सफाई आहे. माझ्या जोडांच्या रेषा पाहून तो म्हणाला, "लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, भर, घासून घे आणि वरून ऑइल पेंटचे दोन जाड हात दे. लोखंडाला चालते ते याला का चालणार नाही?" लोखंड वाकत नाही आणि फोम वाकतो, एवढेच उत्तर मला द्यायचे होते, पण दिवस थोडे उरले होते, त्याचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा होता, आणि मी ऐकले.

मंचावर तलवार उचलायला हात वर केला तेव्हा कोपरापाशी वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. दुसऱ्यांदा हात वर नेला तेव्हा चंदेरी पोपडे पायाशी पडू लागले आणि मंचावरून उतरेपर्यंत दंडाच्या आतल्या बाजूला उघडा काळा फोम दिसत होता. त्यांतला अंगठ्याच्या नखाएवढा एक पोपडा मी अजून जपून ठेवला आहे. त्याच्या मागच्या बाजूला लांबीची पांढरी पट्टी सरळ रेषेत चिकटलेली आहे आणि तडा अगदी त्याच रेषेवरून गेला आहे. दादाने तो पाहिला आणि "फोमच हलका निघाला" असे सांगून विषय संपवला.

मला ते सहन झाले नाही. उरलेल्या त्याच फोमच्या तळहाताएवढ्या तीन पट्ट्या मी कापल्या. पहिलीवर ऑइल पेंट दिला, दुसरीवर थेट पाण्यात कालवायचा अ‍ॅक्रिलिक, आणि तिसरीवर हीट गन (गरम हवा सोडणारे यंत्र) फिरवून, रबरी थर देऊन मग अ‍ॅक्रिलिक. तिन्ही पट्ट्या दादासमोर पन्नास-पन्नास वेळा वाकवल्या. पहिली लगेचच तडकली, दुसरीवर सुरकुत्यांसारख्या बारीक चिरा पडल्या, तिसरी जशीच्या तशी राहिली. फोम एकच होता.

तेव्हा तुम्ही असे करा. तुकडे चिकटवण्यापूर्वीच हीट गन सतत फिरती ठेवून पृष्ठभागाला किंचित चकाकी येईपर्यंत तापवा, म्हणजे वरची छिद्रे मिटतात आणि फोम रंग पीत नाही. एकाच जागी थांबलात तर फोड येतील. जोडांमध्ये लांबी मुळीच भरू नका. तिथे भेगा बुजवणारे, रंग धरणारे अ‍ॅक्रिलिक सीलंट ओल्या बोटाने गुळगुळीत करा. सिलिकॉनचे घेऊ नका, त्यावर रंग बसत नाही. मग प्लास्टी डिपसारख्या रबरी थराचे तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, आणि त्यानंतरच पातळ अ‍ॅक्रिलिक लावा. रबरी थर मिळाला नाही, तर पाणी घालून पातळ केलेल्या लाकडाच्या पांढऱ्या डिंकाचे अनेक हात चालतात, पण फार वाकणाऱ्या जागी त्यांचा तितका भरवसा देता येत नाही.

जाड रंगाने वजनदार लोखंडाचा भास होतो, हे दादाचे दुसरे म्हणणेही मला मान्य नाही. लोखंड दिसते ते सावलीमुळे. आधी सगळे काळे करा, मग चंदेरी रंगाचा ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसून फक्त उंचवट्यांवरून ओढा, आणि शेवटी पाण्यासारखा पातळ काळपट-तपकिरी रंग लावून लगेच पुसा, म्हणजे तो खाचांमध्येच उरतो. यात चंदेरी रंग इतका थोडा लागतो की तडकायला जाड थरच उरत नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. तलवारीचे पाते, ढालीचा मधला भाग असे न वाकणारे भाग आतून आधार देऊन कडक केलेले असतील, तर त्यांवर ऑइल पेंट टिकू शकतो. दादाने रंगवलेली माझी ढाल आजही शाबूत आहे. तसेच रबरी थराचा स्प्रे आणि तुकडे चिकटवायचे कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह यांची वाफ श्वासात जाऊ देऊ नका. ही कामे मोकळ्या हवेत, वाफ अडवणारा मास्क लावूनच करा आणि फोम घासताना धुळीसाठीही मास्क वापरा. तयार चिलखत उन्हात बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने जोड सुटतात.

आत्ताचा तडकलेला रंग झाकायला त्यावर नवा हात देऊ नका. कोपर आणि खांद्याचे तुकडे खरवडून फोमपर्यंत जा आणि तिथून पुन्हा सुरुवात करा.