पहिले 22 लाख

प्रिय धाकट्या,

जीटीए ऑनलाइनमध्ये पैसे टिकतच नाहीत, म्हणून शार्क कार्ड घेऊ का, असं तू विचारलंस. नको घेऊस. खरे रुपये घालून खेळातले डॉलर घ्यावेत अशी तुझी परिस्थिती नाही. कमाई तुला जमते, खरेदीचा क्रम तेवढा चुकतोय.

तुझा जीव ऑप्रेसर मार्क टूमध्ये अडकलाय. कुणीतरी वरून रॉकेट टाकून उडून गेलं की आपल्याकडेही ती बाईक हवी असं वाटतंच. पण तिची किंमत खेळातले 80 लाख डॉलर. कोसाटका पाणबुडी 22 लाखांना मिळते आणि घेतल्यापासून कमवायला लागते. म्हणून बाईक नंतर.

सध्या हातात काहीच नाही ना? मग ‘क्लकिन बेल फार्म रेड’ या मोहिमेपासून सुरुवात कर. त्यासाठी आधी ऑफिस, गोदाम असलं काही घ्यावं लागत नाही, एकट्याने जमतं आणि शेवटी 5 लाख हातात पडतात. पाच खेपा केल्यास की कोसाटका आली. मधे कपडे, टॅटू, गाडीचा रंग यांना हात लावू नकोस. तुझे पैसे तिथेच गळतात, मी पाहिलंय.

पाणबुडी आली की केयो पेरिको, म्हणजे त्या नावाच्या बेटावरची चोरी. तयारीला 25 हजार लागतात, पण टेहळणीत घाई करू नकोस. बेटाचा मालक एल रुबियो याच्या वाड्याखाली समुद्रात सांडपाण्याचा बोगदा उघडतो, तो पहिल्याच फेरीत हेरून ठेव आणि तयारीत कटिंग टॉर्च मिळव. मग पाण्याखालचे गज कापायचे, आत पोहत जायचं की थेट आवारात निघतोस. पहारेकऱ्यांच्या नजरेचा रोख बघ, एकेकाला शांतपणे टिप, मुख्य माल उचल. सोन्याच्या मागे लागू नकोस, त्या खोलीची दोन कार्डं एकाच वेळी फिरवावी लागतात आणि तू एकटा असशील. त्याऐवजी रुबियोच्या ऑफिसात चित्रं असतील तर तीच घे. बाहेर पडलास की सरळ समुद्रात उडी मार आणि बेटापासून लांब पोहत राहा. मिळालेल्या रकमेतून माल खपवण्याचे 10 टक्के आणि पाणबुडी चालवणाऱ्या पावेलचे 2 टक्के कापले जातात, तेव्हा हिशेब आधीच तसा धर.

एकट्याने चोरी केलीस तर पुढची 144 मिनिटं थांबावं लागतं. हा वेळ वाया जाऊ नये म्हणून दुसरी खरेदी ॲसिड लॅबची, म्हणजे ट्रकमधल्या ड्रग्जच्या कारखान्याची कर. ‘फर्स्ट डोस’च्या मोहिमा संपवल्यास की ब्रिकेड ट्रक फुकट मिळतो, आतल्या सामानाला साडेसात लाख लागतात. कच्चा माल भरून ठेव, तू दुसरं काही खेळत असताना माल तयार होत राहील. विकायला मात्र इन्व्हाइट ओन्ली, म्हणजे फक्त बोलावलेले खेळाडू येतात अशा सेशनमध्येच जा. 2022 पासून तिथेही विक्री करता येते. अनोळखी खेळाडूंनी भरलेल्या लॉबीत कुणीतरी तुझा ट्रक उडवतो, तो धोका कशाला पत्करायचा?

नाइटक्लब, एजन्सी वगैरे धंदे पुढे बघू. आधी मी सांगितलेल्या दोन गोष्टी नीट चालू दे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ‘अकाउंटमध्ये कोट्यवधी डॉलर भरून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही यूपीआय करू नकोस. तो गायब झाला तर दाद मागायला जागा नाही. त्याने खरंच पैसे भरले, तर बंदी येते तुझ्या अकाउंटवर, आणि मेहनतीने मिळवलेलंही त्यासोबत जातं. शाळेतली मुलं यात सर्रास फसतात.

दर गुरुवारी बोनस बदलतात, तेव्हा यादी बघत जा. तुझ्याकडे आधीच असलेल्या धंद्यावर दुप्पट पैसे असतील तर तो आठवडा त्यालाच दे. केवळ सवलत आहे म्हणून गाडी घेऊ नकोस.

कोसाटका घेतलीस की लगेच कळव. पुढे एखादी केयो आपण दोघं मिळून करू, म्हणजे सोनंही उचलता येईल.

तुझा,
दादा