अमेरिकेत १८९७ सालच्या माउझर सी-९६ पिस्तुलाला खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता लावता येतो का? अँटिक आहे, मग नियम लागत नाहीत ना?

"अँटिक आहे, मग काय" हे वाचलं आणि साडू आठवला.

सहा वर्षांपूर्वी दिवाळीला तो ओहायोत आमच्याकडे आला, तो लुगर पी-०८ हे जुनं जर्मन पिस्तूल घेऊनच. साधं, चार इंची नळीचं. फराळ आटोपून तळघरात बसलो, तर पठ्ठ्याने पिशवीतून सपाट लाकडी दस्ता काढला. गन शोमध्ये वेगळा घेतलेला. बहुतेक पी-०८ च्या मुठीमागे दस्त्यासाठी खुंटी असते, त्यावर सरकवायला लागला. मी हिसकावूनच घेतला. चारचौघांत मला म्हणतो, "साडूभाऊ, कंपनीनेच खुंटी दिलीय. तुम्ही अगदीच भित्रे!"

भित्रा तर भित्रा. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार पिस्तुलाला दस्ता लावला की ती रायफल, आणि नळी १६ इंचांहून कमी असली की नोंदणी हवी. नाहीतर १० वर्षांपर्यंत कैद. त्याच्याकडचा दस्ता आर्टिलरी लुगरचा, म्हणजे लुगरच्याच लांब नळीच्या प्रकाराचा होता. आठ इंची नळीच्या आर्टिलरीला तो मूळ दस्ता चालतो, कारण एटीएफने, म्हणजे बंदुकांचे कायदे बघणाऱ्या केंद्रीय खात्याने, ती जोडी क्युरिओ (संग्राहकांची जुनी वस्तू) म्हणून या कायद्यातून वगळलीय. पी-०८ ला तोच नोंदणीशिवाय लावला की गुन्हा. मूर्खपणा आहे, मान्य. १९३४ च्या मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती, ती गाळली आणि हे कलम तेवढं मागे राहिलं. पण हे कोर्टात सांगून सुटणार का?

तुमचं सी-९६ चालेल, पण वयामुळे नव्हे. १८९८ पर्यंतचं ते अँटिक, हे १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टपुरतं. १९३४ च्या कायद्यात काडतुसं बाजारात मिळतात का हेही बघतात, आणि सी-९६ ची ७.६३ माउझर काडतुसं मिळतात, म्हणून तिथे ते अँटिक नाही. तुम्हाला वाचवते ती एटीएफची यादी: १९४० पूर्वीचं सी-९६ आणि सोबत मूळ जर्मन लाकडी दस्ता, तोच जो पिस्तुलाचं म्यानही असतो.

जानेवारी २०२६ पासून अशा आखूड रायफलच्या नोंदणीवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, तर साडूचा लगेच मेसेज, "बघा, उठला नियम!" अहो, कर उठला. अर्ज, बोटांचे ठसे, मंजुरी सगळं तसंच आहे.

हो, राज्याराज्याचे कायदे वेगळे, ते वकिलालाच विचारा.

तो दस्ता अजून माझ्या कपाटात आहे. माझ्याकडे लुगर नाही, म्हणून मला भीती नाही. साडू मागतोय, देत नाही.